आप्पांसाठी इलेक्ट्रिक शेव्हर घ्यावा की ब्लेडचीच दाढी चालू ठेवावी?

तापीकाठ

राम राम मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. आमच्या आप्पांचं वय बहात्तर. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाची झडप बदलली. कृत्रिम झडप असल्याने रक्त पातळ करायची गोळी आता कायमची आहे.

आप्पा रोज दाढी करणारे. बागेत पाणी भरायला जायचं असलं तरी आधी दाढी, मग चहा. आता उजवा हात थरथरतो. गेल्या आठवड्यात हनुवटीला जरासं लागलं आणि रक्त थांबता थांबेना. टॉवेल भरला, घरातली सगळी घाबरली. आधी गावातले एक कारागीर घरी येऊन दाढी करून जायचे, पण आता त्यांचंही वय झालं, येणं बंद झालं. म्हणून आता मी करून देतो. दुसऱ्याच्या गालावर ब्लेड धरायची मला सवय नाही. आप्पा डोळे मिटून बसतात आणि इकडे माझा श्वास अडकतो.

बजेट तीन-चार हजारांपर्यंत. शेव्हरने आप्पांचं समाधान होईल का? जाळीचा घ्यावा की गोल चकत्यांचा? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, फेस नीट होत नाही. लाइटचाही भरवसा नसतो. आणखी एक, माझं स्वतःचं: तीन पात्यांच्या रेझरने दाढी केली की मानेवर लाल पुळ्या येतात. मीही शेव्हरवर जावं का?

नवीपेठ_जळगाव

भाऊ, मी गोल चकत्यांचा वापरतो, छान चालतो. गोलाणी मार्केटमध्ये फिरून बघा, भाव करून मिळतो. एक मात्र नक्की बघा: शेव्हर मागितला की बरेच दुकानदार ट्रिमर हातात देतात. ट्रिमरने गाल साफ होत नाही, बारीक खुंट राहतात. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचूनच पैसे द्या.

अमळनेरचा_कारागीर

तापीकाठ दादा, राम राम. माझं अमळनेरला सलून आहे. आजोबा खेडोपाडी फिरून हजामत करायचे आणि खळ्यावरून दादरचं, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीचं, बलुतं आणायचे. वडिलांनी गावात खुर्ची टाकली, ती आज मी चालवतो. माझं घर ब्लेडवर चालतं, तरी सांगतो: आप्पांच्या गालाला आता ब्लेड लावू नका. तुम्ही नाही, मी नाही, कोणीच नाही.

का, ते सांगतो. ब्लेड केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही थोडा खरवडून नेतं. तरुण माणसाचा गाल घट्ट असतो, ब्लेड सरळ निघून जातं. वय झालं की गाल सैल होतो, कातडी पातळ होते. ब्लेडच्या पुढे तिची बारीक घडी गोळा होते आणि त्या घडीवरच कापतं. हनुवटीच्या खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर आणि गळ्याच्या घाटीवर हे हमखास होतं. करणाऱ्याचा हात कितीही बसलेला असो, समोरचा माणूस मध्येच गिळतो, खोकतो, काहीतरी बोलायला जातो. तेवढं पुरतं.

एरवी आम्ही तुरटी फिरवतो आणि काम भागतं. तुरटीने कातडी आकसते, बारीकसं रक्त थांबतं. पण रक्त गोठायला लागायचं ते आतून लागतं, आणि आप्पांच्या गोळीचं कामच मुळी ते गोठणं मंद करण्याचं आहे. नाहीतर कृत्रिम झडपेवर गाठ धरेल. म्हणजे गोळी बंद करता येत नाही, तुरटीवर विसंबता येत नाही. राहिलं काय, तर कापूच न देणं. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या की डॉक्टर लोक इलेक्ट्रिक शेव्हर वापरा म्हणतात, ते ह्याचसाठी. माझ्या खुर्चीवर असं गिऱ्हाईक बसलं आणि त्याने गोळीचं सांगितलं, तर मी वस्तरा बाजूला ठेवतो. मशीन लावतो.

आता शेव्हर. दुकानात फॉइल आणि रोटरी असे दोन प्रकार दाखवतील. फॉइल म्हणजे जाळीचा. कागदाहून पातळ अशी धातूची जाळी असते, तिच्या भोकांतून केस आत शिरतो आणि आतलं पातं डावी-उजवीकडे भरभर हलून तो कापतं. रोटरीत बहुतेक तीन गोल चकत्या असतात, त्यांच्या आत पाती गरगर फिरतात. दोन्हीत पातं आणि कातडी ह्यांच्या मध्ये धातूचा पडदा असतो. आपल्याला हवा आहे तो हा पडदा. फिलिप्सने गोल फिरणारा शेव्हर १९३९ मध्ये आणला आणि ब्राउनने जाळीचा १९५० मध्ये. दोन्ही तऱ्हा जुन्या, मुरलेल्या आहेत. त्यामुळे कोणी ‘एकदम नवीन टेक्नॉलॉजी’ म्हणून दुप्पट पैसे सांगितले तर भुलू नका.

आप्पांसाठी मी जाळीचाच घेईन. ते रोज दाढी करतात, आणि रोजच्या आखूड खुंटावर जाळी फार सफाईने चालते. सरळ रेषेत फिरवायची असते, म्हणून दुसऱ्याची दाढी करताना हात कुठून कुठे गेला ते तुम्हाला दिसतं. गोल चकत्यांचा शेव्हर छोटे छोटे गोल काढत फिरवावा लागतो. ज्याची दाढी तीन-तीन दिवस राहते, मानेवरचे केस चहूकडे वळलेले असतात, त्याला तो बरा. नवीपेठवाल्या भाऊंना तो मानवला ह्याचं मला नवल नाही. पण दुसऱ्याच्या सैल कातडीवर गोल फिरवणं नवख्या हाताला अवघड जातं, कातडी चकतीबरोबर ओढली जाते.

पद्धत नीट ऐका, कारण सगळं ह्यावर आहे. आप्पांना खिडकीजवळ उजेडात, पाठ टेकून बसवा, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल द्या. तुमच्या डाव्या हाताने गाल कानाकडे वर ताणा आणि उजव्या हाताने शेव्हर कातडीला काटकोनात ठेवा. तिरका धरला तर जाळीची कड टोचते. केस ज्या दिशेने वाढतात त्याच्या उलट्या दिशेने, आखूड आखूड हात मारायचा. दाबायचं नाही. दाबल्याने दाढी जास्त साफ होत नाही, कातडी मात्र भोकांत फुगून घासली जाते. गळ्यासाठी हनुवटी वर करायला सांगा आणि गळ्याची कातडी खाली छातीकडे ताणून धरा. गिळायचं असेल तर आधी हात वर करून सांगा, असं आप्पांशी ठरवून ठेवा. मी माझ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी असंच ठरवतो. त्यांनाही धीर येतो.

एखादा दिवस चुकून केस वाढले तर जाळी ते पकडत नाही, उपटल्यासारखं दुखतं. अशा वेळी आधी ट्रिमर फिरवायचा, मग जाळी. बऱ्याच शेव्हरच्या पाठीला छोटा ट्रिमर असतोच. त्याचे दाते उघडे असतात, म्हणून तो सपाट धरा. सैल कातडीवर उभा धरला तर चिमटा घेतो.

आणि रोज सुरू करण्याआधी जाळीवरून बोट अलगद फिरवून बघा. शेव्हर एकदा जरी खाली पडला तरी जाळीला पोचा बसतो किंवा बारीक चीर जाते. फाटलेली जाळी ब्लेडइतकीच वाईट कापते. चीर दिसली की त्या दिवशी दाढी नको, नवी जाळी आणा. आप्पांच्या बाबतीत इथे काटकसर नको.

आता समाधानाचं. दादा, खरं तेच सांगतो, तळहाताला लागते तशी गुळगुळीत दाढी शेव्हरने होणार नाही. मध्ये जाळी आहे म्हटल्यावर तिच्या जाडीएवढा केस मागे राहणारच. ज्या माणसाने जन्मभर उलटा हात मारून गाल चकचकीत ठेवला, त्याला पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटेल. कातडीलाही सवय लागायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर थोडी लाली, थोडी खाज येते. हे आप्पांना आधीच सांगा. न सांगता हातात मशीन घेऊन उभे राहिलात तर दुसऱ्याच दिवशी ते ब्लेड मागतील.

शक्य असेल तर ‘वेट अँड ड्राय’ लिहिलेला शेव्हर घ्या. तो पाण्यात, फेसात चालतो. मग आप्पांची वाटी, ब्रश, साबण सगळं तसंच ठेवता येईल. त्यांनीच स्वतःच्या हाताने ब्रशने फेस लावायचा, हात थरथरला तरी ब्रशने काही बिघडत नाही. त्या फेसावरून तुम्ही शेव्हर फिरवायचा. माणसाची दाढी म्हणजे निव्वळ केस काढणं नसतं हो. तो गरम पाण्याचा वास, तो फेस, ते आरशात बघणं, हे त्यांच्याकडून काढून घेऊ नका. हात चालत नाही म्हणून सगळंच दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, असं म्हाताऱ्या माणसाला वाटू लागलं की तो दाढीच नको म्हणतो, आणि मग घराबाहेर पडायचंही टाळतो. मी असे लोक बघितले आहेत.

कोरडी करायची असेल तर आंघोळीच्या आधी, सकाळच्या गारव्यात करा. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, गाल घामाने चिकट होतो आणि जाळी अडकत अडकत चालते. थोडी टाल्कम पावडर चोळली की सरकते. झाल्यावर जाळी ब्रशने झाडून टाकायची, नाहीतर पावडर आणि केसांचा लगदा आत बसतो.

लाइटची काळजी करू नका. हल्लीचे बॅटरीचे शेव्हर एका चार्जिंगमध्ये बरेच दिवस जातात. फक्त वायर लावल्याशिवाय न चालणारा स्वस्तातला घेऊ नका.

तुमच्या मानेचं नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

लोको_भुसावळ

कारागीर भाऊंनी सगळं नीट सांगितलं. माझा अनुभव जोडतो. रेल्वेत गाडी चालवण्यात नोकरी गेली. भुसावळहून गाडी घेऊन इगतपुरी, बडनेरा, खंडवा. रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवाल्यांच्या विश्रांतीच्या खोलीत, रात्री-अपरात्री ड्युटीचा कॉल यायचा, गरम पाणी मिळेलच असं नाही. तेव्हापासून जाळीचा शेव्हर वापरतो. ब्लेडच्या दाढीची सर त्याला नाही, हे मान्य. पण झोपेतून उठून, मंद उजेडात, घाईत गालाला ब्लेड लावण्यापेक्षा तो कितीतरी बरा. निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे, तरी मी तोच ठेवला. आता मलाही रोज अ‍ॅस्पिरिनची गोळी आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जाळी आणि आतलं पातं साधारण दीड-दोन वर्षांनी बदलावं लागतं. त्याचा खर्च काही मॉडेलमध्ये शेव्हरच्या निम्म्यापर्यंत जातो. लोक बदलत नाहीत आणि मग ‘शेव्हर काही कामाचा नाही’ म्हणून कपाटात टाकतात.

धुळे_औषधवाला

माझं धुळ्यात मेडिकल आहे. दादा, शेव्हर आणला तरी घरात काही गोष्टी ठरलेल्या असू द्या. कापलंच तर स्वच्छ कापड किंवा गॉज घेऊन घट्ट दाबून धरा, आणि सलग दहा मिनिटं उचलून बघू नका. थांबलं का, थांबलं का, असं करत दर मिनिटाला उचललं की धरलेली खपली निघते आणि पुन्हा पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही वाहत असेल तर सरळ दवाखाना गाठा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डोस कमी करू नका. एकाएकी किरकोळ खरचटल्यावरही जास्त रक्त येऊ लागलं, हिरड्यांतून येऊ लागलं, अंगावर निळे डाग दिसू लागले, तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. अंगदुखीची गोळीही दुकानातून मनाने घेऊ नका. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर त्यांतल्या बऱ्याच गोळ्या रक्तस्राव वाढवतात. माझ्या काउंटरवर रोज हे सांगतो.

आणि शेव्हर एकट्या आप्पांचाच ठेवा. तुमची दाढी त्याच मशीनवर नको. ब्लेड असो की शेव्हर, रक्ताचा अंश राहू शकतो, आणि कावीळ बी, कावीळ सी त्यातून पसरू शकते.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कारागीर भाऊ, तुमचा निरोप आप्पांना वाचून दाखवला. ब्रश स्वतःच्या हातात राहणार म्हटल्यावर ते तयार झाले. आता दोनच शंका. आप्पांच्या हनुवटीखाली एक चामखीळ आहे, त्याचं काय करायचं? आणि माझ्या मानेचं राहिलं.

अमळनेरचा_कारागीर

चामखिळीवरून जाळी न्यायची नाही. तिच्या भोवती एक बोटभर जागा सोडा. तिथले केस गोल टोकाच्या छोट्या कात्रीने, उजेडात, कातडीपासून थोडं वर कापायचे. चार केस राहिले तरी राहू द्या. चामखिळीचा रंग किंवा आकार बदलताना दिसला, आपोआप रक्त आलं, तर डॉक्टरांना दाखवा.

आता तुमची मान. तुमचे केस जाड आणि थोडे कुरळे असावेत, असा माझा अंदाज. तीन-पाच पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केसाला जरा बाहेर ओढतं आणि मागचं कापतं. कापलेलं टोक मग कातडीच्या आत मागे सरकतं. म्हणूनच दाढी इतकी गुळगुळीत लागते. सरळ केस नंतर सरळ बाहेर येतो. कुरळा केस वळतो आणि आतल्या आत कातडीत घुसतो, तिथे लाल पुळी येते. जितकी गुळगुळीत कराल तितका त्रास वाढेल.

तुमच्या हातात थरथर नाही, गोळी नाही, म्हणून तुम्हाला ब्लेड सोडायची गरज मला वाटत नाही. आधी काही दिवस दाढी न करता पुळ्या बसू द्या. पुळीवरून ब्लेड नेऊ नका, आत गेलेला केस नखाने उकरू नका. मग एका ब्लेडचा साधा सेफ्टी रेझर घ्या. जिलेटने ज्याचं पेटंट १९०४ मध्ये घेतलं त्याच जातीचा, दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातळ ब्लेड बसतं तो. ब्लेडचं पाकीट कोणत्याही किराणा दुकानात मिळतं आणि इतकं स्वस्त असतं की तीन-चार दाढ्यांनंतर बदलताना जीव वर-खाली होत नाही. बोथट ब्लेड हे मानेच्या पुळ्यांचं दुसरं कारण आहे.

पण ब्लेडच्याही आधी पाणी. आमचे आजोबा म्हणायचे, “दाढी भिजनी का अर्धी व्हयनी.” कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं दाढी भिजली पाहिजे. केस पाणी पितो, फुगतो, मऊ होतो, मग ब्लेडला जोर लागत नाही. हल्ली पोरं पाण्याचा एक हबका मारतात, फेस थापतात आणि लगेच ब्लेड लावतात. फेस केसाला मऊ करत नाही असं नाही, पण त्यालाही वेळ द्यावा लागतो. आंघोळीनंतर लगेच दाढी करा, भिजवायचं काम आपोआप होतं. आप्पांची कोरडी दाढी आंघोळीआधी आणि तुमची ओली आंघोळीनंतर, हे लक्षात ठेवा.

तुमचं बोअरचं पाणी जड आहे. जड पाण्यातला चुना साबणाला धरून पांढरी साय बनवतो, म्हणून फेस मरतो आणि ब्लेडवरही थर बसतो. उपाय सोपा आहे. पाणी उकळून निवू द्या, तळाशी पांढरं बसेल, वरचं निवळ पाणी घ्या. घरात पिण्याच्या पाण्याचं आरओ फिल्टर असेल तर त्यातलंच वाटीभर घ्या, एका दाढीला तेवढं पुरतं. ब्रश त्या पाण्यात भिजवून साबणावर फिरवा आणि फेस दह्यासारखा घट्ट होईपर्यंत थांबू नका. तुमच्या आप्पांचा फेसही ह्याच पाण्याचा करा.

मग आधी मानेवर बोटं फिरवून केस कुठल्या दिशेने वाढतात ते बघा. बहुतेकांचे गळ्याच्या दोन्ही बाजूंना आडवे वळलेले असतात. जिकडे वाढतात तिकडेच सुलटा हात मारायचा. रेझरच्या वजनानेच तो उतरू द्या. गालावर पाहिजे तर दुसऱ्यांदा फेस लावून आडवा हात मारा, मानेवर मात्र उलटा हात मारायचाच नाही. मान तळहाताला थोडी खरखरीत लागेल, ती तशीच सोडा. शेवटी गार पाणी, आणि वाटलं तर ओल्या गालावर तुरटी. झोंबणारं आफ्टरशेव पुळ्या आहेत तोवर नको, खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरे. एवढं करूनही महिनाभरात मान निवळली नाही तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि ब्लेडऐवजी ट्रिमरने बारीक खुंट ठेवा. खुंट कातडीच्या वर राहिला तर आत वळायला त्याला जागाच मिळत नाही.

वापरलेलं ब्लेड उघडं कचऱ्यात टाकू नका, घंटागाडीवरच्या माणसाचा हात कापतो. एखाद्या पत्र्याच्या डब्याला वर फट पाडा आणि त्यात टाकत जा.

शेव्हर घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला आधी त्या मॉडेलची सुटी जाळी मागा. लोको भाऊ म्हणाले ते अगदी खरं आहे. सुटी जाळी त्याच्याकडे नसेल आणि मागवूनही मिळत नसेल, तर ते मॉडेल घेऊच नका, दुसरं दाखवा म्हणा.